जळाले किती, दिसले किती : प्रस्तावना

फुप्फुसातली दोन सेंटिमीटरची गाठ छाती न उघडता मारता येते. सीटीच्या चित्रावर नजर ठेवून बरगड्यांच्या फटीतून लांब सुई गाठीपर्यंत न्यायची, तिच्या टोकाशी उष्णता निर्माण करायची, काही मिनिटे थांबायचे आणि सुई काढून घ्यायची. ज्याचे हृदय किंवा श्वास मोठ्या शस्त्रक्रियेला साथ देणार नाही, अशा माणसाला हा फार मोठा आधार आहे. पण सुई किती वेळ तापवायची, कुठपर्यंतचे ऊतक मरेल, शेजारच्या रक्तवाहिनीचे काय होईल, हे ठरवले कोणी? मुख्यतः सशांच्या आणि डुकरांच्या फुप्फुसांनी. त्या प्रयोगांवर मराठीत सलग असे काही लिहिले गेलेले माझ्या पाहण्यात नाही. हे पुस्तक ती जागा भरण्यासाठी लिहिले आहे.

विषयाचा गाभा एका अंतरात आहे. सीटीवर जळालेला भाग धुरकट पांढरा दिसतो. त्या डागाची कड आणि पेशी खरोखर जिथपर्यंत मेल्या तिथली कड, या दोन रेषा एकमेकींवर बसत नाहीत. रुग्णाच्या छातीतली दुसरी रेषा पाहण्याची सोय नाही. काही महिन्यांनी डागाच्या कडेला पुन्हा वाढ दिसली, तर तिथे काही पेशी जिवंत राहिल्या होत्या एवढे कळते, आणि तोवर उशीर झालेला असतो. प्राण्याचे फुप्फुस मात्र बाहेर काढून, चिरून, रंगवून ती रेषा मोजता येते. या क्षेत्रात जिवंत प्राणी वापरण्याचे खरे समर्थन मला तरी एवढेच दिसते. यंत्र नीट चालते का, सुई वाकते का, तार तापते का, हे पाहायला जिवंत प्राणी लागत नाही. ज्या प्रयोगातून या दोन रेषांमधले अंतर कळत नाही आणि इजा किती झाली हेही कळत नाही, तो प्रयोग प्राण्यावर करू नये. पुस्तकभर हाच आग्रह आहे, म्हणून तो आधीच सांगून ठेवते.

उष्णतेने पेशी मरते हे सर्वांना ठाऊक आहे. ती कधी मरते याला मात्र हिशेब आहे. 60 अंश सेल्सिअसच्या वर पेशीतली प्रथिने जवळजवळ तत्क्षणी गोठतात. 50 अंशांच्या आसपास काही मिनिटे लागतात. 43 अंशांना वेळ मिनिटांचा राहत नाही, तासांचा होतो. सापारेटो आणि ड्यूई यांनी 1984 मध्ये मांडलेले गणित आजही वापरात आहे: 43 च्या वर प्रत्येक अंशाला तेवढ्याच परिणामासाठी लागणारा वेळ निम्मा होतो. याचा अर्थ असा, की सुईच्या टोकाजवळची पेशी लगेच जाते आणि थोडी दूरची पेशी तापमान व वेळ यांच्या मेळावर तरते किंवा मरते. वरच्या बाजूलाही मर्यादा आहे. 100 अंश ओलांडले की पाण्याची वाफ होते, ऊतक कोळसते, आणि रेडिओफ्रीक्वेन्सी वापरत असाल तर तो कोळसाच विजेची वाट अडवतो. म्हणजे जास्त तापवले म्हणून जास्त जळते असे नाही.

यकृतात हा हिशेब बऱ्यापैकी जुळतो, कारण यकृत हे भरीव, ओले, एकजिनसी इंद्रिय आहे. फुप्फुस सगळा हिशेब उलटापालटा करते. त्याचा बहुतेक भाग हवा आहे. हवा वीज वाहून नेत नाही आणि उष्णताही फारशी पुढे जाऊ देत नाही. त्यामुळे भरीव गाठीभोवती हवेचे वेष्टन असल्यासारखे होते: गाठीच्या आत उष्णता छान साठते, आणि गाठीबाहेरची जी काही मिलिमीटरची पट्टी खबरदारी म्हणून जाळायची असते तिथे ती पोहोचता पोहोचत नाही. कर्करोगाच्या पेशी तर नेमक्या त्या पट्टीत पसरलेल्या असू शकतात. त्यात दर श्वासाला हवा आत-बाहेर होऊन गारवा आणते. हृदयातून निघालेले सगळे रक्त फुप्फुसातून जाते, त्यामुळे 3 मिलिमीटरपेक्षा जाड रक्तवाहिनी शेजारी असली की ती उष्णता वाहून नेते आणि तिच्या कडेच्या पेशी वाचतात. शिवाय लक्ष्य एका जागी राहत नाही. खालच्या खंडातली गाठ श्वासाबरोबर सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर सहज सरकते. ऊतकातल्या उष्णतेचे समीकरण पेनेस यांनी 1948 मध्ये माणसाच्या हाताच्या तापमानावरून मांडले आणि आजची संगणकीय प्रारूपेही त्याच्याच आधाराने चालतात. पण श्वास घेणारे, आकसणारे, तापता तापता कोरडे पडत जाणारे फुप्फुस त्या समीकरणात पुरते मावत नाही.

इतिहास थोडक्यात असा. 1891 मध्ये फ्रान्सच्या दार्सोनव्हाल यांनी दाखवले, की सेकंदाला दहा हजारांहून अधिक वेळा दिशा बदलणारा विद्युत्प्रवाह स्नायूंना झटका न देता शरीरातून जातो. 1920 च्या दशकाच्या उत्तरार्धात कुशिंग आणि बोव्ही यांनी त्यातून शस्त्रक्रियेची विजेची सुरी घडवली. 1990 मध्ये इटलीत रोस्सी आणि अमेरिकेत मॅगाहन यांच्या गटांनी स्वतंत्रपणे सुचवले, की तीच वीज सुईच्या टोकातून यकृताच्या आत सोडता येईल. फुप्फुस यात मागून आले. गोल्डबर्ग आणि सहकाऱ्यांनी 1995 मध्ये सशाच्या निरोगी फुप्फुसावर आणि 1996 मध्ये सशाच्या फुप्फुसात वाढवलेल्या गाठींवर रेडिओफ्रीक्वेन्सीचे प्रयोग प्रसिद्ध केले. 2000 मध्ये ड्युपुई यांनी तीन रुग्णांवरचा पहिला अनुभव छापला. 2008 मध्ये युरोप, अमेरिका व ऑस्ट्रेलियातल्या केंद्रांनी मिळून केलेली ‘रॅप्चर’ चाचणी आली, 106 रुग्ण आणि 183 गाठी. सशापासून माणसापर्यंतचे अंतर पाच वर्षांत कापले गेले. हा वेग मला आजही विचारात पाडतो, कारण डुकरांवरचे बरेचसे बारकाईचे काम माणसावरचा उपचार सुरू झाल्यानंतर झालेले आहे. प्राणी आधी, माणूस नंतर, हा पाठ्यपुस्तकातला क्रम इथे सरळ पाळला गेला नाही. दोन्हीकडचे काम एकमेकांकडून शिकत शेजारी शेजारी चालले.

तंत्रांची घराणी म्हणावीत अशी मुख्यतः दोन. रेडिओफ्रीक्वेन्सीत साधारण पाचशे किलोहर्ट्‌झच्या आसपासचा प्रवाह सुईतून मांडीवरच्या पट्टीकडे वाहतो आणि वाटेतल्या आयनांच्या घर्षणाने ऊतक तापते. वीज वाहिली नाही तर उष्णता नाही, म्हणून हवेने भरलेल्या फुप्फुसात तिची अडचण होते. मायक्रोवेव्हमध्ये सुई ही अँटेना असते. 915 मेगाहर्ट्‌झ किंवा 2.45 गिगाहर्ट्‌झच्या लहरी पाण्याच्या रेणूंना हलवतात, मांडीवर पट्टी लागत नाही, आणि कोळसलेल्या ऊतकातूनही त्या बऱ्यापैकी पुढे जातात. विस्कॉन्सिनमधल्या ब्रेस आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये डुकराच्या फुप्फुसात दोन्ही यंत्रे समोरासमोर आणली. मायक्रोवेव्हचे जळीत क्षेत्र मोठे आणि अधिक गोल आले. त्यानंतर फुप्फुसापुरता कल मायक्रोवेव्हकडे झुकत गेला. लेझरही वापरले जाते, पण फुप्फुसात त्याचा पसारा लहान. गोठवून मारण्याचे तंत्र हे शेजारचे घर आहे. त्याचा इथे तुलनेपुरताच उल्लेख येतो.

या दोन घराण्यांपलीकडे एक तिसरा विचार आहे, तो यंत्राऐवजी शरीराकडे पाहतो. उष्णता निसटून जाण्याच्या वाटा हवा आणि रक्त या असतील, तर त्याच काही मिनिटे बंद करून पाहू या, असे जपानी संशोधकांनी डुकरांवर करून पाहिले. श्वासनलिकेची शाखा फुग्याने बुजवली किंवा फुप्फुस-धमनीतला प्रवाह थांबवला की त्याच शक्तीत जळीत क्षेत्र मोठे झाले. ही निरीक्षणे मला फार मोलाची वाटतात. माणसावर असा पद्धतशीर प्रयोग करता आला नसता, चिमट्यात धरलेल्या मांसाच्या तुकड्यावर तो करण्यात अर्थ नव्हता, आणि उत्तर मिळाल्यावर उपचाराची समज वाढली. प्राणी वापरणे सार्थ ठरलेल्या प्रयोगाचे उदाहरण कोणी मागितले तर मी हेच देते.

आता प्राण्यांविषयी. मी पशुवैद्य आहे, त्यामुळे इथे थोडी रेंगाळणार.

ससा स्वस्त, लहान, सांभाळायला सोपा, आणि त्याच्याकडे व्हीएक्स2 नावाची गाठ आहे. शोप यांनी 1933 मध्ये रानसशांच्या चामखिळींमागचा विषाणू दाखवला. त्या चामखिळीतून उपजलेल्या कर्करोगाचे किड आणि राउस यांनी 1940 मध्ये वर्णन केले, आणि तोच कर्करोग एका सशातून दुसऱ्यात रुजवत आजवर जिवंत ठेवला गेला आहे. प्राण्याच्या फुप्फुसात खरी गाठ आणि तिच्याभोवती खरी हवा, ही सोय सशामुळे मिळते. पण सशाची छाती मुठीएवढी. माणसासाठी बनवलेल्या अँटेनाचे जळीत क्षेत्र तीन-चार सेंटिमीटरचे. ते सशाच्या फुप्फुसातून बाहेर पडून हृदयाला आणि पोटाच्या पडद्याला भिडते. सुई प्राण्याच्या मापाने लहान होत नाही.

म्हणून डुक्कर. छातीचे माप माणसाच्या जवळ, फुप्फुसाचे आकारमान पुरेसे, आणि एकाच प्राण्यात वेगवेगळ्या खंडांत अनेक ठिकाणी प्रयोग करता येतात. तरीही डुकराचे फुप्फुस हे माणसाचे फुप्फुस नव्हे. त्याच्या उजव्या वरच्या खंडाची श्वासनलिका थेट मुख्य श्वासनलिकेतून फुटते, तशी शेळी-मेंढीतही फुटते. माणसात ते क्वचित आढळणारे वैगुण्य आहे. नळी घालताना ती थोडी खोल गेली तर हा खंड हवेविना राहतो, आणि सीटीवर तो पांढरा पडलेला पाहून नवखा माणूस जळाल्याची खूण समजू शकतो. दुसरा फरक अधिक खोलवरचा. डुकराच्या फुप्फुसातल्या लहान खंडिकांमध्ये जाड, पूर्ण भिंती आहेत, त्यामुळे एका खंडिकेतली हवा शेजारच्या खंडिकेत जवळजवळ जातच नाही. कुत्र्यात भिंती विरळ, हवा आडवाटेने मुक्त फिरते. माणूस मधे कुठेतरी. श्वासमार्ग बुजला की डुकरात त्यामागचा भाग लवकर आकसतो, कुत्र्यात शेजारून हवा येत राहते. म्हणजे श्वासमार्ग बंद करून जाळण्याचा एकच प्रयोग दोन प्राण्यांत दोन उत्तरे देऊ शकतो, आणि दोन्ही उत्तरे आपापल्या जागी बरोबर असतात. डुकरांच्या काही जातींत भुलीच्या वायूने शरीराचे तापमान एकाएकी चढण्याचा आनुवंशिक दोषही असतो. उष्णतेचा अभ्यास करताना प्राणीच आतून तापू लागला तर मोजमाप तर बिघडतेच, प्राणीही दगावतो. गुदाशयातले तापमान सतत पाहणे हे तिथे भूल देणाऱ्याचे पहिले काम.

आपल्या कायद्याचा यात एक पेच आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा 1960 चा अधिनियम रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत लावून धरलेल्या प्रयत्नांतून आला. ज्ञानासाठी केलेला प्रयोग त्याने बेकायदा ठरवला नाही, पण चौकट घातली. कलम 17 सांगते, की टाळता येतील तिथे प्रयोग टाळावेत, लहान प्राण्यावर भागत असेल तर मोठा घेऊ नये, आणि केवळ हात बसवण्यासाठी शक्यतो प्रयोग करू नयेत. तिन्ही गोष्टी आपल्या विषयाला थेट भिडतात. लहान प्राणी घ्यावा तर सुई मावत नाही. मोठा घ्यावा तर कायदा कारण विचारतो, आणि त्याने ते विचारलेच पाहिजे. हात बसवण्याचा प्रश्न तर अधिकच नाजूक. हलत्या फुप्फुसात सुई नेमकी नेणे हे कौशल्य आहे आणि ते कुठेतरी शिकावे लागते. माझे मत स्पष्ट आहे: ते छातीच्या नमुन्यावर, श्वासासारख्या हलणाऱ्या मंचावर शिकावे. जिवंत डुकरावर कोणी सुई पहिल्यांदा हातात घेऊ नये.

प्रत्यक्ष प्रयोग कसा होतो हे न पाहिलेल्या वाचकासाठी एक प्रसंग जवळून सांगते.

डुकराला आधी गोठ्यातच गुंगीचे इंजेक्शन मिळते, कारण ओढत आणलेले, घाबरलेले जनावर भुलीतही अस्थिर राहते. कानाच्या कडेच्या शिरेत सुई बसते. लांब मुस्कट आणि आकुंचन पावणारा कंठ यांमुळे श्वासनलिकेत नळी घालणे कष्टाचे असते. मग जनावर सीटीच्या मंचावर येते. पहिले चित्र, मग वाट ठरवणे: कोणत्या बरगडीवरून, कोणती रक्तवाहिनी टाळून, किती खोल. सुई पुढे सरकवताना कृत्रिम श्वास काही सेकंद थांबवतात, आणि दर वेळी फुप्फुसात तेवढीच हवा असताना थांबवतात, नाहीतर मागच्या चित्रातली जागा आणि आताची जागा जुळत नाही. टोक बसल्याची खात्री झाली की शक्ती सुरू. दोन-तीन मिनिटांत चित्रात टोकाभोवती धुके धरू लागते. ते वाढते, मध्ये अधिक दाट होते, कधी त्यात वाफेचे काळे बुडबुडे दिसतात. ठरलेला वेळ झाला की शक्ती बंद, सुई बाहेर, आणि लगेच पुन्हा पूर्ण छातीचे चित्र, कारण हवा फुप्फुसाबाहेर छातीच्या पोकळीत शिरणे ही माणसातही या उपचाराची सर्वाधिक आढळणारी गुंतागुंत आहे.

पुढचा भाग सीटीच्या खोलीत घडत नाही. प्राण्याला वेदनारहित मृत्यू दिल्यावर फुप्फुस काढले जाते आणि सुईच्या वाटेच्या रेषेतच चिरले जाते. आडवे चिरले तर लांबी हरवते. चकत्या कोमट टेट्राझोलियम द्रावात ठेवतात. जिवंत पेशीतली विकरे त्या बिनरंगी द्रावाला लाल करतात. मेलेला भाग फिकट राहतो. अर्ध्या तासात चकतीवर फिकट गाभा, भोवती रक्ताळलेले कडे आणि त्याबाहेर लाल फुप्फुस असा नकाशा उमटतो. शेजारी पट्टी ठेवून छायाचित्र घेतले जाते, आणि आता पहिल्यांदा चित्रातला डाग व खरा डाग शेजारी शेजारी येतात.

इथेही फसायला जागा आहेत. उष्णतेने ऊतक आकसते, आणि फुप्फुस यकृतापेक्षा अधिक आकसते. म्हणजे चकतीवर मोजलेला फिकट भाग मुळात जेवढ्या ऊतकाचा होता त्याहून लहान दिसतो. फॉर्मॅलिनमध्ये ठेवले की आणखी थोडे आकसते. साध्या सूक्ष्मदर्शकाच्या स्लाइडवर, नुकतीच उष्णतेने गोठलेली पेशी आकाराने इतकी शाबूत असते की ती जिवंत भासते. टेट्राझोलियमचाही भरवसा लगेचच्या तासांत पुरता नाही: कडेच्या ज्या पेशी उद्या मरणार आहेत त्यांची विकरे आज अजून काम करत असतात. म्हणून काही प्राण्यांना दिवस-दोन दिवस किंवा काही आठवडे जगवावे लागते. हा निर्णय शास्त्राच्या दृष्टीने बरोबर आणि प्राण्याच्या दृष्टीने जड आहे. भुलीतच मेलेल्या प्राण्याला काही कळत नाही. जागा झालेल्याला छातीत जखम असते, श्वास घेताना दुखते, आणि डुक्कर वेदना लपवण्यात पटाईत असते. वेदनाशामक औषधाचे वेळापत्रक, खाणे-पाणी-उठणे यांची नोंद, कोणत्या लक्षणाला प्रयोग थांबवायचा याचा आधीच लिहिलेला नियम, हे सारे प्राणी-नीती समितीकडे जाणाऱ्या अर्जाच्या मागे जोडलेले परिशिष्ट म्हणून पाहिले जाते. ते प्रयोगाच्या मध्यभागी असायला हवे.

मुंबई आणि तिची खाडीपलीकडची वस्ती या कामासाठी नवखी नाही. मुंबईत प्लेग पसरला तेव्हा हाफकिन 1896 मध्ये इथे आले, ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये त्यांनी लस बनवली, सशांवर पाहिली आणि 10 जानेवारी 1897 रोजी स्वतःला टोचून घेतली. परळमध्ये 1886 पासून पशुवैद्यक महाविद्यालय होते. त्याच परळमध्ये 1941 मध्ये टाटा स्मारक रुग्णालय उभे राहिले आणि 1952 मध्ये वसंत खानोलकर यांच्या नेतृत्वाखाली भारतीय कर्करोग संशोधन केंद्र सुरू झाले. पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे खानोलकरांच्या विद्यार्थिनी. देशातल्या पहिल्या ऊतक-संवर्धन प्रयोगशाळांपैकी एक त्यांनी तिथे उभारली आणि उंदरांमधल्या स्तनाच्या कर्करोगावर वर्षानुवर्षे काम केले. पेशी काचेत वाढवणे आणि प्राणी जपून वापरणे या दोन्ही गोष्टी एकाच व्यक्तीने एकाच प्रयोगशाळेत केल्या, याकडे मी मुद्दाम लक्ष वेधते, कारण आज त्या एकमेकींच्या विरोधात असल्यासारखे बोलले जाते. त्यांनी 1973 मध्ये स्थापन केलेल्या भारतीय महिला वैज्ञानिक संघटनेचे मुख्यालय आज वाशीत, माझ्या घरापासून थोड्या अंतरावर आहे. खानोलकरांच्या केंद्राची परंपरा आता खारघरच्या ‘ॲक्ट्रेक’ या कर्करोग संशोधन संस्थेत चालते.

तुर्भ्यात राहून हे पुस्तक लिहिताना भूगोलाची जाणीव सतत राहिली. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेने टीटीसीची औद्योगिक वसाहत पसरलेली आहे. दक्षिणेला खारघर, खाडीपलीकडे देवनारचा कत्तलखाना आणि अणुसंशोधन केंद्राचे दुसरे तुर्भे (ट्रॉम्बे), उत्तरेला पवईत आयआयटी आणि तिच्या आवारातली मायक्रोवेव्ह तंत्राची ‘समीर’ ही शासकीय संस्था. अँटेना घडवू शकणारे हात, तिचे गणित करणारी माणसे, खाण्यासाठी कापलेल्या जनावरांची फुप्फुसे आणि कर्करोगाचे रुग्णालय, हे सगळे तासा-दीड तासाच्या अंतरात आहे. कत्तलखान्यातले फुप्फुस मी मुद्दाम या यादीत घेते. त्यात रक्त वाहत नाही, पण पंपाने हवा भरून ते फुगवता येते, अँटेनाचा आकार, शक्ती, वेळ यांची पहिली छाननी त्यावर होऊ शकते, आणि त्यासाठी वेगळा एकही प्राणी मारावा लागत नाही. जिवंत डुकराकडे जाण्याआधी ही पायरी पूर्ण झाली का, हा प्रश्न प्रत्येक अर्जाला विचारावा असे मला वाटते.

आताच हे पुस्तक का? सीटी तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचले आहे, आणि दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या चित्रात फुप्फुसातली लहान गाठ सापडणे आता रोजचे झाले आहे. आपल्याकडे त्या गाठीमागे क्षयाचा जुना व्रण असण्याची शक्यताही तितकीच. पारसिकच्या डोंगरात दगडखाणींच्या धुळीत वर्षे काढलेल्या माणसाचे फुप्फुस वेगळे, गोवऱ्या-लाकडाच्या चुलीपुढे आयुष्य गेलेल्या बाईचे वेगळे. व्रण पडलेल्या फुप्फुसात हवा कमी, चट्टे जास्त. तिथे उष्णता वेगळीच पसरणार. ज्या डुकरांवर आजचे तक्ते बेतले गेले ती तरुण, निरोगी, धूर न पाहिलेली होती. ही तफावत भरून काढण्याची जबाबदारी भारतातल्या संशोधकांवर इतरांपेक्षा अधिक आहे. शिवाय इथे उपकरणे बनू लागली आहेत. 2017 चे वैद्यकीय उपकरण नियम 2018 पासून लागू झाले आणि नव्या उपकरणाला माणसापर्यंत जाण्याआधी पुरावा द्यावा लागतो. त्याच वेळी किरणोपचाराचे नेमके तंत्र आणि कमी ऊतक काढणारी शस्त्रक्रिया दोन्ही पुढे गेली आहेत. उष्णतेच्या उपचाराला आपली जागा सिद्ध करावी लागणार आहे. आणि सुई आता बरगडीतूनच जाते असेही नाही. दुर्बिणीबरोबर श्वासनलिकेच्या आतून अँटेना नेण्याचे काम सुरू आहे. तिथे छातीत हवा शिरण्याचा धोका कमी, पण श्वासनलिकेचीच भिंत भाजण्याचा प्रश्न नवा. त्याची उत्तरे पुन्हा डुकरांकडेच मागितली जाणार.

दुसऱ्या बाजूने, रसेल आणि बर्च यांनी 1959 मध्ये मांडलेला विचार, प्राण्याला पर्याय शोधा, संख्या कमी करा, यातना कमी करा, हा आता नियमांत उतरू लागला आहे. अमेरिकेने 2022 अखेर आणि भारताने 2023 मध्ये औषधांच्या नियमांत प्राण्यांखेरीजच्या चाचण्यांना वाट करून दिली. उपकरणांना तीच वाट कितपत लागू पडेल यावर पुस्तकात एक दीर्घ चर्चा आहे. माझा कौल सावध आहे. काचेतल्या पेशी उष्णतेने कधी मरतात हे सांगतील. श्वास, रक्त, आकसणे आणि छातीची पोकळी यांचे एकत्र वागणे त्या अजून सांगू शकत नाहीत.

संख्येबद्दल मात्र आजच पुष्कळ करता येईल. एका डुकरात सहा ठिकाणी जाळले म्हणजे सहा स्वतंत्र नोंदी झाल्या असे समजून आकडेमोड केलेले लेख कितीतरी आढळतात. त्या सहा नोंदी एकाच रक्तदाबाच्या, एकाच भुलीच्या, एकाच शरीराच्या असतात. असा लेख दिसायला भक्कम आणि आत पोकळ असतो. मग दुसरा कोणी तोच प्रयोग पुन्हा करतो आणि आणखी प्राणी जातात. 2010 मध्ये आलेली आणि 2020 मध्ये सुधारलेली ‘अराइव्ह’ मार्गदर्शिका नेमके काय नोंदवावे हे सांगते. फसलेले प्रयोग न छापणे हा याचाच दुसरा चेहरा. ज्या अँटेनाने डुकराचे फुप्फुस फाटले तिची बातमी कपाटात राहिली, तर पुढच्या अँटेनासाठी पुन्हा एक फुप्फुस फाटते.

पुस्तक कोणासाठी आहे, हे लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे एक वाचक सतत होता. प्रत्येक संस्थेच्या प्राणी-नीती समितीवर शास्त्रज्ञ आणि पशुवैद्य यांच्याबरोबर समाजाचे भान असलेला एक बाहेरचा सदस्य नेमला जातो. तो शिक्षक असेल, वकील असेल, प्राणिमित्र असेल. त्याच्यापुढे जाडजूड अर्ज येतो, त्यात सुईचे वॅट आणि मिनिटे असतात, आणि तो बहुधा गप्प बसतो. त्याने गप्प बसू नये, एवढी तयारी करून देणे हा या पुस्तकाचा पहिला हेतू. डुकरे किती आणि का तेवढीच, ससा का चालणार नाही, कत्तलखान्यातल्या फुप्फुसावर काय आढळले, जागे राहणाऱ्या प्राण्याची वेदना कोण पाहणार, चित्रातली कड आणि चकतीवरची कड कशी जुळवणार, हे प्रश्न त्याने स्वच्छ मराठीत विचारावेत. त्याखेरीज सीटीच्या खोलीतले तंत्रज्ञ, प्राणिगृहात काम करणारे सेवक, उपकरणे बनवणारे तरुण अभियंते आणि आपल्या आई-वडिलांसाठी हा उपचार सुचवला गेला म्हणून धास्तावलेले घरचे लोक, यांनाही ते उपयोगी पडावे.

मांडणी तंत्रांप्रमाणे न करता प्रश्नांप्रमाणे केली आहे. उष्णता आणि हवा यांचे नाते आधी, मग प्राणी, मग चित्र, मग चकती. नियम आणि नीती यांना शेवटचा कोपरा न देता त्या त्या ठिकाणी गुंफले आहे. शब्दांबाबत हट्ट धरलेला नाही. अ‍ॅब्लेशन, प्रोब, अँटेना, सीटी हे शब्द प्रयोगशाळेत जसे बोलले जातात तसेच ठेवले. गणित जिथे टाळता आले तिथे टाळले, आणि 43 अंशांचा हिशेब जिथे टाळता येत नव्हता तिथे तो पायरीपायरीने सोडवून दाखवला आहे. रुग्णांवरच्या उपचारांचे निकाल फक्त प्राण्यांतल्या निष्कर्षांशी ताडून पाहण्यापुरते आले आहेत. कोणी हा उपचार घ्यावा की घेऊ नये याचा सल्ला इथे नाही, तो त्यांच्या डॉक्टरांनी द्यायचा आहे. गोठवण्याच्या तंत्रावर आणि विजेच्या धक्क्याने पेशीच्या पटलाला छिद्रे पाडणाऱ्या नव्या पद्धतीवर स्वतंत्र पुस्तक होईल एवढे साहित्य आहे. ते या पुस्तकाच्या कक्षेबाहेर ठेवले आहे.

तुर्भे, नवी मुंबई